सुतळीचा किनारा

माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला. नोकरी पक्की आहे का, शेती किती, भाऊ किती, हे मध्यस्थानं आधीच सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले, "आंधळ्या लेकरांला भूगोल शिकवता म्हने तुमी. मंग नकाशा कसा दावता?"

मी म्हणालो, "दाखवत नाही. हातात देतो."

सासरे आत वळून म्हणाले, "चहा टाका." म्हणजे मुलगा पसंत.

नांदेडच्या एका निवासी अंध शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला. मी स्वतः डोळस. गाव धर्माबाद तालुक्यातलं, घरी शेती. निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, "पुण्याचं काम केलंत सर, कसं वाटतं?" पुण्याचं-बिण्याचं काही नाही. पगार घेऊन शिकवलं, आणि पोरांनी मला जितकं शिकवलं त्याचा पगार त्यांना कुणी दिला नाही.

आमच्या धंद्यातली मुख्य गोष्ट म्हणजे हाताला कळणारा नकाशा. तयार नकाशे मिळत, पण ते दूरच्या शहरातून मागवावे लागत आणि पोरांच्या बोटांनी दोन वर्षांत झिजून गुळगुळीत होत. म्हणून आम्ही घरचेच करायचो. जाड पुठ्ठा घ्यायचा, हद्दीवर डिंकानं सुतळी चिकटवायची. नद्यांना लोकर, डोंगरांना चिंचोके, शहरांना ज्वारीचे दाणे आणि राजधानीला शेंगदाणा. जमिनीला काचकागद लावायचा, म्हणजे खरखरीत लागतो. समुद्राला एक्स-रेची जुनी फिल्म. त्या फिल्मा मी ओळखीच्या दवाखान्यातून मागून आणायचो. आमचा अरबी समुद्र उजेडात धरला तर त्यात कुणाच्या तरी बरगड्या दिसत. पोरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

शेंगदाण्याचा निर्णय मात्र चुकला. उंदरांनी तीनदा दिल्ली खाल्ली. चौथ्यांदा दिल्ली गेली तेव्हा तपास केला, तर पाचवीतला एक मुलगा पुढं आला आणि म्हणाला, "सर, मीच. भूक लागली हुती. भोपाळ बी मीच खाल्लं." तेव्हापासून राजधान्यांना मी सदऱ्याची बटणं लावायला लागलो.

सगळं हाताला देता येत होतं. अडत होतं ते समुद्राच्या काठाशी. सातवीच्या पुस्तकात एक धडा होता, त्यात शब्दांची रांगच लागलेली. किनारा, पुळण, खाडी, खाजण, आखात, भूशिर. मला पाठ होते, पण मीही समुद्र पाहिला नव्हता. आमच्या गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाचे शब्द विचारा. काठ, थडी, दरड, वाळवंट. पूर ओसरल्यावर जिच्यात काकड्या-टरबुजं लावतात ती मळई. हे शब्द म्हटले की पायाला माती लागते. पुळण म्हटलं की माझ्या पायाला काहीच लागत नव्हतं.

त्या वर्षी सातवीत शिवलीला होती. मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली, जन्मापासून दृष्टी नसलेली. वडलांचं गावात किराणा दुकान. त्यांना ती अप्पा म्हणायची, मग आम्हीही अप्पाच म्हणायला लागलो. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, बोलणं मोजकं. पोरगी नऊ वर्षांची होईपर्यंत त्यांनी तिला दुकानातल्या पोत्यांवर बसवून ठेवली होती. मी दोनदा मुखेडच्या एसटीनं त्यांच्या गावी गेलो तेव्हा कुठं ते तयार झाले, तेही अट घालून. "सर, पोरगी तुमच्या जिम्म्यावर. तिला कुठं काई झालं तर मी पेटी घिऊन जाईन. मंग पुन्यांदा बोलवायला यिऊ नका."

पेटीचं सांगतो. वसतिगृहात प्रत्येक मुलाची एक पत्र्याची पेटी असे. दिवाळीला, उन्हाळ्यात पोरं पिशवी घेऊन घरी जात, पेटी खाटेखालीच राही. पेटी बाहेर निघाली की समजायचं, पोर शाळेतून गेलं. मुलींच्या पेट्या जास्त निघत. मी निघताना पाहिलेल्या पेट्या मोजल्या नाहीत, मोजायचं धाडस नव्हतं.

तर शिवलीला. ही पोरगी शब्द तसाच गिळायची नाही. मी म्हणालो, "पुळण म्हणजे समुद्रकाठची रेतीची जमीन." ती म्हणाली, "मंग रेती म्हना की. पुळण कामून म्हनायचं?"

"रेतीच, पण ओली. पाणी येऊन जातं तिथली."

"हाताला कशी लागती?"

"ओली लागते."

"आन खाजण?"

"खाऱ्या पाण्याचा चिखल."

"तुमी चाखलाव का सर?"

वर्ग हसला. मीही हसलो, पण घरी गेल्यावर भाकरी गोड लागली नाही. एकोणीस वर्षं मी न पाहिलेली जमीन, ती कधीच न बघणाऱ्या पोरांना शिकवत होतो.

मग मी एक शक्कल लढवली. पोरांना विष्णुपुरीला नेलं, धरणाच्या मागच्या पाण्याला. शाळेत पळायच्या शर्यतीसाठी एक लांब पांढरा दोर होता. खुंट्या ठोकून तो ताणायचा आणि पोरं त्याला हात लावून पळायची. दोर सोडायचा नाही, हा शाळेतला पहिला नियम. सोडला की दिशा हरवते. तो दोर मी पाण्याच्या कडेकडेनं लावला आणि पोरांना म्हणालो, "हा दोर म्हणजे नकाशावरची सुतळी. दोराच्या पलीकडं समुद्र, अलीकडं जमीन. चला." जमीन पाण्यात घुसली होती तिथं भूशिर, पाणी आत शिरलं होतं तिथं आखात. पोरं दोर धरून वळणावळणानं चालली आणि मोठ्यानं ओरडत सुटली, "आखात आलं! भूशिर आलं!" संध्याकाळी निघेपर्यंत पाणी दोराच्या तिथंच, सकाळी होतं तसं. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. मुख्याध्यापकांनी पालकसभेत सांगितलं, दुसऱ्या शाळेतले शिक्षक ही पद्धत बघायला आले. मी पगडी नसताना मान ताठ ठेवून फिरत होतो.

हिवाळ्यात एका देणगीदारांनी सहलीसाठी गाडी दिली. कुठं जायचं म्हटल्यावर सातवीनं एकच गिल्ला केला, समुद्र! दीड दिवसाचा प्रवास करून आम्ही कोकणातल्या एका लहान गावाच्या किनाऱ्यावर पोचलो. बरोबर मी, आणखी एक शिक्षक आणि वसतिगृहातल्या कौसामावशी. मुलं बावीस.

मी उतरलो आणि मुलांना खाली घेऊ लागलो. "सर, कुनी तरी श्वास घिऊन राहिलंय," शिवलीला म्हणाली. लाटांचा आवाज होता तो.

सकाळचे दहा-साडेदहा. पाणी खूप आत गेलेलं होतं, अलीकडं घट्ट ओली रेती. मी हौसेनं तोच पांढरा दोर काढला. पाण्यापासून चार पावलं मागं सोडली, शहाणपण म्हणून. खुंट्या ठोकल्या, दोर ताणला. पोरांना रांगेनं उभं करून सांगितलं, "हा किनारा. लाट येईल, पायावरून जाईल, परत जाईल. भ्यायचं नाही. दोराच्या पुढं जायचं नाही आणि दोर सोडायचा नाही." पोरांनी रेतीत हात घातले, बोटं चाटली, थू थू केलं. "पुळण खारट हाय सर!" शिवलीलानं जाहीर केलं. त्या आवाजासाठी दीड दिवस काय, आठ दिवस प्रवास केला असता.

मग मला खाजणाची घाई झाली. मागच्या अंगाला खाडी होती. तिथं चिखलात हात घालायला दहा-बारा पोरं घेऊन मी गेलो. कौसामावशी लहान्यांना घेऊन सुरूच्या झाडांखाली पोळ्या-चटणी वाढायला बसल्या. दुसरे शिक्षक ड्रायव्हरबरोबर प्यायचं पाणी आणायला गावात गेले. शिवलीला म्हणाली, "सर, मी हितंच थांबते. मला ह्याचं आईकायचंय." मी म्हणालो, "थांब. दोर सोडू नको." मावशींना वाटलं ती माझ्याबरोबर आहे. मला वाटलं ती मावशींच्या नजरेसमोर आहे. आणि दोघांनाही वाटलं, दोर आहे ना.

खाजणात आम्ही रमलो. दोन तास तरी गेले असतील. तेवढ्यात किनाऱ्याकडून एका बाईची आरोळी आली. मी धावत आलो तेव्हा माझा किनारा जागेवर नव्हता. जिथं आम्ही रेतीत बसलो होतो तिथं पाणी होतं. खूप आत, कमरेच्या वर पाण्यात, शिवलीला दोन्ही हातांनी दोर धरून उभी होती. लाट आली की ती पार भिजायची आणि पुन्हा उभी राहायची. शिंपल्या काढणारी एक बाई लुगडं खोचून तिच्यापर्यंत पोचली होती आणि तिला ओढत होती, आणि पोरगी दोर सोडत नव्हती. शेवटी त्या बाईनं खुंटी उपटली आणि दोरासकट तिला बाहेर आणलं.

मी पाण्यात शिरलो होतो, पण माझ्या हातून काही झालं नाही. जे केलं ते त्या बाईनं. रेतीवर येताच शिवलीला म्हणाली, "सर, मी दोराच्या मागंच हुते. खरंच. लाट परत जाती म्हनलाव, म्हनून मी वाट बघून राहिले. ती गेलीच न्हाई."

ती बाई माझ्यावर खेकसली, "कुठले हो तुम्ही गुरुजी? भरती लागलीय दिसत नाय? किनाऱ्याला कोण दोर बांधतं काय?"

मी रेतीत बसलो आणि पोरांसमोर रडलो. भरती-ओहोटी मला माहीत नव्हती का? दर वर्षी परीक्षेत विचारत होतो, पाच गुणांना. चंद्र, पृथ्वी, दिवसातून दोनदा, सगळं घोकून घेतलं होतं. पण ते डोक्यात होतं. पायांना ठाऊक होतं ते धरणाचं पाणी. आमच्याकडं पाणी उतरतं ते उन्हाळ्याच्या हिशेबानं, महिन्या-महिन्यानं. सकाळी आखलेली पाण्याची कड दुपारी चालत अंगावर येते, हे माझ्या पायांना कुणी शिकवलं नव्हतं. एका पोरीचा जीव त्या पाच गुणांत अडकला होता.

परतीच्या गाडीत कौसामावशी माझ्याजवळ येऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, "सर, लेकरू सुखरूप हाय, देवाची किरपा. तिच्या अप्पाला सांगू नका. पोरीला बी सांगते मी, बोलू नको म्हनून. न्हाई तर पेटी गेलीच समजा."

मावशींचं चुकत नव्हतं. मी कबूल करतो की मी तीन आठवडे गप्प राहिलो.

त्या तीन आठवड्यांत शिवलीला बदलली. पळायला जायची नाही. दोराला हात लावायची नाही. भूगोलाच्या तासाला सगळ्यांचे हात नकाशावर, हिचे मांडीवर. प्रश्न विचारणं तिनं बंद केलं. मी विचारलं, "काय झालं गं?" तर म्हणाली, "काई न्हाई सर." एवढं सभ्य उत्तर तिनं मला आयुष्यात कधी दिलं नव्हतं. त्यानं मी जास्त घाबरलो. तिचं तोंड मावशींनी बंद केलं होतं, आणि मावशींना गप्प बसून मी साथ दिली होती.

एका शनिवारी अप्पा नांदेडला दुकानाचा माल भरायला आले तेव्हा पोरीला भेटायला शाळेत आले. व्हरांड्यातल्या बाकावर त्यांना बसवलं आणि मी सगळं सांगितलं. दोर, खुंट्या, खाजण, सगळं. चूक माझी, पोरीची नाही, हेही सांगितलं. अप्पा शेवटी म्हणाले, "मला ठावं हाय. संक्रांतीला फोनवर तिच्या मायनं इचारलं, समुद्र कसा हुता, तर पोरगी बोललीच न्हाई. आमची पोरगी आन बोलत न्हाई? तवाच समजलो काई तरी झालंय. तुमी कवा सांगताव त्याची वाट बघत हुतो."

"चुकलो अप्पा."

"चुकलाव. सांगितलाव म्हनून आज तमाशा करत न्हाई. वरीस वाया जाऊ नये. परीक्षा हुईस्तोवर राहू द्या. उन्हाळ्यात मी यीन, पेटी घिऊन जाईन. अट तुमाला ठावं हाय."

मी हात जोडले. शिवलीला आत दाराशी उभी राहून ऐकत होती हे अप्पा गेल्यावर कळलं.

सोमवारी तासाला ती सहलीनंतर पहिल्यांदा उठून बोलली. "सर, नकाशा चूक हाय."

"कुठं चूक आहे?"

"सुतळी. समुद्राची कड सुतळीवानी नसती. ती हालती. तुमी सुतळी लावलाव म्हनून आमी दोराला भुललो. बाकीच्या पोरांला बी तसंच वाटंल. सुतळी काढा."

मी महाराष्ट्राचा पुठ्ठा खाली घेतला आणि पश्चिमेच्या अंगाची सुतळी सुरीनं खरवडून काढली. एकोणीस वर्षं मी ती डिंकानं पक्की करत आलो होतो.

पुढचे तीन महिने शाळा सुटल्यावर आम्ही तो नकाशा करत होतो. मी हमाल, ती मिस्त्री. जमीन आणि समुद्र यांच्यामधे तिनं तीन बोटं रुंद पट्टा मोकळा सोडायला लावला. रेती पोरांनी सहलीहून खिशांत भरून आणली होतीच. ती चाळून चिकटवली, ती पुळण. खाडीच्या तोंडाशी गंगेचा गाळ मीठ कालवून थापला, तो खाजण. पुढची पोरं चाखून बघणार, हे तिला ठाऊक होतं. खडकाळ जागी गिट्टीचा चुरा. आणि समुद्राची फिल्म चिकटवायचीच नाही, असं तिनं बजावलं. कोकणपट्टी ती केवढीशी, पण फिल्म अशी खोचायची की बोटानं ढकलली तर रेतीवर चढावी, ओढली तर मागं जावी. हे जमायला चार पुठ्ठे वाया गेले. फिल्म कधी अडकायची, कधी सगळी पुळण खरवडून न्यायची. ती चिडायची, मीही चिडायचो. एकदा म्हणाली, "सर, तुमाला सबूर न्हाई. हळू ढकला. भरती पळत येत न्हाई, कळू न देता येती." हे वाक्य कुठल्याही पुस्तकात नव्हतं, आणि मी ते त्यानंतर दर वर्षी शिकवलं.

पेटीबद्दल ती माझ्याशी एकदाही बोलली नाही. मीही नाही. वडलांनी शब्द दिला होता आणि त्या घरात दिलेला शब्द फिरत नसे. आठवीची पुस्तकं आली तेव्हा मी तिच्या नावाचा संच बाजूला काढून ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. मला स्वतःचाच राग येत होता. माझ्या डोळस चुकीची शिक्षा बिनडोळ्यांच्या पोरीला, हा कुठला न्याय?

परीक्षा संपली. अप्पा आले. कौसामावशींनी पदरानं डोळे पुसत पेटी खाटेखालून ओढली आणि व्हरांड्यात आणून ठेवली. पेटीवर शिवलीलाची कापडी पिशवी. अप्पा पाणी प्यायले आणि उठायला लागले.

शिवलीला म्हणाली, "अप्पा, थोडं बसा. डोळे मिटा."

"कामून?"

"मिटा की."

तिनं नकाशा त्यांच्या मांडीवर ठेवला. अप्पांनी खरंच डोळे मिटले. रोज तागडी धरणारा, गूळ-शेंगदाण्यानं राठ झालेला तो हात तिनं आपल्या हातात घेतला आणि पुठ्ठ्यावर ठेवला. "हा आपला मुलूख. ही ज्वारी लागली का? नांदेड. हितं खाली मुखेड. आता चला पश्चिमेला. लई लांब हाय. हे चिंचोके, सह्याद्री. आता उतार. हा चिखल खाजण, ही रेती पुळण. हितं मी हुते." मग तिनं फिल्म हळूहळू त्यांच्या बोटांवर सरकवली. "आता बगा, पानी आलं."

अप्पांचं बोट फिल्मखाली गेलं. त्यांनी हात मागं घेतला नाही. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि भस्माखालून गालावर उतरलं. ते म्हणाले, "आन तू हितं उभी हुतीस?"

"हाव. पर आता मला ठावं हाय कवा मागं सरायचं. बाकीच्या पोरांला बी शिकिवलं मी."

"मंग झाला म्हन नकाशा."

"ह्यो महाराष्ट्राचा झाला," शिवलीला म्हणाली. "भारताचा राहिलाय, अप्पा. त्याला तिन्ही बाजूंनी कड हाय. सरांला एकट्याला जमत न्हाई. ते सुतळी लावून बसत्याल."



अप्पांनी डोळे उघडले, उपरण्यानं तोंड पुसलं. नकाशा जपून बाकावर ठेवला. मग उठले, पेटीवरची पिशवी काढून पोरीच्या खांद्याला अडकवली, आणि पेटी दोन्ही हातांनी उचलून, कुणाला हात लावू न देता, स्वतः वसतिगृहात नेऊन तिच्या खाटेखाली सरकवली.